हेडफोन अँप्लिफायरसाठी ऑप-अँप: सांगलीच्या बाजारात मिळणाऱ्या आयसींची पारख

घरी हेडफोन अँप्लिफायर बांधायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आयसी कोणती टाकू? खरं तर तो तिसरा प्रश्न आहे. आधी हेडफोन किती ओहमचा आहे ते बघायचं, मग वीजपुरवठा किती व्होल्टचा आणि कुठून येणार ते ठरवायचं. ही दोन उत्तरं हातात असली की आयसी जवळपास ठरूनच जाते, आणि बहुतेक वेळा ती सांगलीतच मिळणारी, वीस-तीस रुपयांची निघते.

सांगली-मिरजेत सुट्या भागांच्या दुकानात विचारलं की काउंटरवर लगेच येणाऱ्या ऑप-अँप, म्हणजे छोटा सिग्नल मोठा करणाऱ्या आयसी, चार: ४५५८, टीएल०७२, एनई५५३२ आणि एलएम३५८. बास-ट्रेबलचे बोर्ड, छोटे मिक्सर, भजनी मंडळांचे आणि गणेश मंडळांचे अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांना याच लागतात, म्हणून याच ठेवल्या जातात. चारही दुहेरी आहेत, म्हणजे आठ पायांच्या एका आयसीत दोन ऑप-अँप. डावा आणि उजवा चॅनल एकाच आयसीत बसतो. ओपीए२१३४, एलएम४५६२, ४५५६ हव्या असतील तर पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा माऊसर, डिजी-की, एलिमेंट१४ असे अधिकृत वितरक गाठावे लागतात. महागड्या आयसीसाठी आमची पसंती वितरकालाच. कारण पुढे येईल.

आधी थोडा हिशेब. ३२ ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट आरएमएस दिला तर ३१ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, शिखरावर तोच ४४ पर्यंत जातो. सेनहायझर एचडी ६०० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला ३ व्होल्ट दिले तरी प्रवाह १० मिलिअँपिअरच. म्हणजे कमी ओहमचा हेडफोन प्रवाह मागतो आणि जास्त ओहमचा व्होल्टेज मागतो. बहुतेक ऑप-अँप ३५ ते ४० मिलिअँपिअरच्या आसपास आतूनच हात आखडता घेतात. त्यामुळे ३२ ओहमवर आयसी व्होल्टेज शिल्लक असतानाही कमी पडते, तर ३०० ओहमवर तीच आयसी निवांत असते आणि अडचण आलीच तर ती पुरवठ्याच्या व्होल्टेजची येते. बेयरडायनॅमिकचा डीटी ७७० एकाच नावाखाली ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. तेव्हा मॉडेल सांगून आयसी विचारू नका, डबीवरचा ओहमचा आकडा वाचा.

वेगाचा प्रश्न त्या मानाने लवकर मिटतो. २० किलोहर्ट्झच्या सुराला ५ व्होल्टचं शिखर गाठायला ०.६३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद एवढा स्ल्यू रेट, म्हणजे आउटपुट बदलण्याचा वेग, लागतो. जुन्या ७४१ चा ०.५ आहे, म्हणून ती इथेच बाद. ५५३२ चा ९, टीएल०७२ चा १३, ओपीए२१३४ चा २०. तिघीही गरजेच्या कितीतरी पुढे आहेत, आणि ९ ऐवजी २० मिळावेत म्हणून जादा पैसे मोजण्यात हेडफोनपुरता काही अर्थ नाही.

एलएम३५८ स्वस्त आहे, सगळीकडे मिळते आणि एकाच पुरवठ्यावर चालते, म्हणून नवखे तीच उचलतात. हेडफोनसाठी ती घेऊ नका. तिचा आउटपुट टप्पा असा आहे की सिग्नल धनातून ऋणात जाताना मधे एक खाच पडते. मोठ्या आवाजात ती झाकली जाते, हळू आवाजात उघडी पडते. ओळखायची सर्वांत सोपी पद्धत मिरजेच्या तानपुऱ्याची: तार छेडल्यानंतर जवारीची झिणझिण हळूहळू विरत जाते ती शेपटी ऐका. चांगल्या आयसीवर ती अखंड विरते. ३५८ वर शेवटी खरखरीत होते आणि मधेच तुटल्यासारखी संपते. आउटपुटपासून ऋण पुरवठ्याला एक रेझिस्टर जोडून हा दोष कमी करता येतो, पण ३२ ओहमच्या भारापुढे तो उपाय तोकडा पडतो. एलएम३२४ ही तिचीच, एका आयसीत चार ऑप-अँप असलेली आवृत्ती, तिलाही हेच लागू. आणि एलएम३८६ ऑप-अँप नाहीच. तो छोटा पॉवर अँप्लिफायर आहे, गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) किमान २०, आणि हेडफोनवर त्याची हिस्स शांत खोलीत सतत जाणवते.

४५५८ बद्दल लोक उगाच नाक मुरडतात. ३ मेगाहर्ट्झची, संथ पण समंजस आयसी आहे. वाकड्यातिकड्या वायरिंगवरही सहसा ऑसिलेट होत नाही, म्हणजे सिग्नल नसताना स्वतःहून कंप पावत नाही. २५० किंवा ३०० ओहमचा हेडफोन आणि ±१२ व्होल्ट (ग्राउंडच्या वर १२, खाली १२) असतील तर पहिला बोर्ड हिच्यावर चालू करून बघायला हरकत नाही. ३२ ओहमवर मात्र ती लवकर दमते.

टीएल०७२ चा मोठा गुण म्हणजे जेफेट इनपुट. इनपुटमध्ये जाणारा प्रवाह नगण्य, त्यामुळे १०० के चा (किलोओहमचा) पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचा फिरता रेझिस्टर, लावला तरी आउटपुटवर डीसी (सरळ व्होल्टेज) साठत नाही. शिवाय दोन्ही ऑप-अँप मिळून ती जेमतेम २.८ मिलिअँपिअर खाते, बॅटरीला हलकी. पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, तिचा आउटपुट २ के किंवा त्याहून मोठ्या भारासाठी आहे. ३२ ओहम थेट जोडले की बास पोकळ होतो आणि आवाज वाढवताच फाटतो. दोन, तिचं इनपुट ऋण पुरवठ्याच्या साधारण ३ ते ४ व्होल्ट जवळ गेलं की आउटपुट उलट्या दिशेला झेपावतो. ±१५ वर हे कधी घडत नाही, पण ९ व्होल्टची बॅटरी दुभंगून ±४.५ केले तर खाली जागाच उरत नाही, आणि बॅटरी उतरत आली की मोठ्या सुरावर अचानक कडकड ऐकू येते. ही आयसी खराब झाल्याची खूण नाही, बॅटरी बदलायची वेळ झाल्याची आहे. टीएल०७२ आम्ही गेनच्या टप्प्यात ठेवू, मागे प्रवाह पुरवायला ट्रान्झिस्टरचा बफर देऊ. बीडी१३९ आणि बीडी१४० ची जोडी त्यासाठी पुरेशी आहे आणि गावात मिळते.

आता ५५३२. सिग्नेटिक्सने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आणलेली ही आयसी पुढे कित्येक वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओंच्या मिक्सिंग कन्सोलमध्ये राज्य करत होती. अनेक व्यावसायिक गाणी वाटेत अशा डझनभर आयसींमधून जाऊन मग आपल्यापर्यंत आली आहेत. नॉइज ५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, बँडविड्थ १० मेगाहर्ट्झ, ६०० ओहमचा भार चालवण्यासाठीच बांधलेली. शॉर्ट सर्किटला ती साधारण ३८ मिलिअँपिअरवर अडते. ३२ ओहमवर हे सव्वा व्होल्टच्या आतलं शिखर झालं, म्हणजे वीसेक मिलिवॉट. ऐकायला कमी वाटतं, पण १०० डेसिबल प्रति मिलिवॉट संवेदनशीलतेच्या हेडफोनला १ मिलिवॉटमध्येच १०० डेसिबल मिळतात, आणि तेवढ्या आवाजात फार वेळ बसूही नये. ३०० ओहमवर, ±१२ व्होल्टच्या पुरवठ्यावर तीच आयसी दीडशे मिलिवॉटच्या घरात जाते. ते कुणालाही पुरून उरतं.

मग ५५३२ लावलेला घरगुती अँप्लिफायर इतक्या वेळा वाईट का वाजतो? कारण ती दुसऱ्या आयसीसाठी आखलेल्या सर्किटात तशीच खोचली जाते. १९९० च्या दशकाच्या शेवटी चू मॉय यांनी मांडलेलं, ९ व्होल्टच्या बॅटरीवरचं छोटं सर्किट जगभर ‘सीमॉय’ म्हणून बांधलं जातं. त्यात इनपुटपासून ग्राउंडला १०० के, गेनसाठी १ के आणि १० के, म्हणजे ११ पट गेन. हे सगळं एफईटी (टीएल०७२ सारख्या, नगण्य प्रवाह घेणाऱ्या) इनपुटच्या ओपीए१३४ किंवा २१३४ साठी आखलेलं आहे. ५५३२ चं इनपुट बायपोलर. ते साधारण २०० नॅनोअँपिअर प्रवाह आत ओढतं, आणि डेटाशीटनुसार (कंपनीच्या माहितीपत्रकानुसार) ८०० पर्यंतही ओढू शकतं. १०० के मधून २०० नॅनोअँपिअर म्हणजे २० मिलिव्होल्ट. गुणिले ११, की आउटपुटवर २२० मिलिव्होल्ट डीसी. ३२ ओहमच्या हेडफोनमधून मग दोन्ही कानांत प्रत्येकी सात मिलिअँपिअरचा सरळ प्रवाह गाणं बंद असतानाही वाहत राहतो आणि पडदा एका बाजूला ढकललेला राहतो.

खरा घोळ याच्याही पुढे होतो. सीमॉयमध्ये ग्राउंड खरा नसतो. ४.७ के चे दोन रेझिस्टर बॅटरी मधोमध दुभंगतात, तो मध्यबिंदू म्हणजे ग्राउंड. त्यांच्यातून एक मिलिअँपिअरही जात नाही, मग चौदा मिलिअँपिअरची परतफेड ते कुठून करणार? मध्यबिंदू एका बाजूला सरकतो. +४.५ आणि −४.५ च्या जागी मीटरवर +७ आणि −२ असं काहीतरी दिसतं, आणि हळू आवाजातही गाणं एका अंगाने कापलं जातं. ‘५५३२ भिकार आहे’ असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या डबीत हेच चाललेलं असतं. बॅटरीच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडपर्यंतचं व्होल्टेज मोजा; दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष सापडला. शिवाय टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची डेटाशीट ५५३२ ला किमान ±५ व्होल्ट सुचवते. दुभंगलेली ९ व्होल्टची बॅटरी नवी असतानाही त्याखाली असते, आणि ८ मिलिअँपिअर नुसतं जागं राहायला खाणारी आयसी तिला फार दिवस पुरूही देत नाही.

५५३२ साठी योग्य मांडणी अशी. पॉट १० के, दुहेरी, लॉग. पॉटच्या मधल्या पायापासून २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, त्यानंतर ग्राउंडला २२ के, तिथून आयसीचं धन (नॉन-इन्व्हर्टिंग) इनपुट. कपॅसिटरमुळे आयसीचा प्रवाह पॉटमधून जात नाही, नाहीतर पॉट फिरवताना खर्र-खर्र येते आणि लोक बिचाऱ्या नव्या पॉटला दोष देतात. गेन २.२ के आणि १ के ने ३.२ पट. १ के च्या खाली, ग्राउंडच्या बाजूला, २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका म्हणजे डीसीसाठी गेन १ होतो. आता २०० नॅनोअँपिअर गुणिले २२ के, आउटपुटवर फक्त ४.४ मिलिव्होल्ट. २० च्या आत असेल तर निर्धास्त राहा. ५० च्या वर गेलं तर हेडफोन जोडू नका.

गेन ३ च का, याचं उत्तर पॉटमध्ये आहे. मोबाईल किंवा लॅपटॉपच्या जॅकवर अर्धा ते एक व्होल्ट येतोच. त्याला ११ ने गुणलं की पॉट कायम पहिल्या पाव फेरीत वापरावा लागतो, आणि स्वस्त दुहेरी पॉटचे दोन्ही भाग नेमके तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. गायक डाव्या कानाकडे सरकतो. गेन कमी केला की पॉट मधोमध येतो, आवाज मधोमध येतो आणि हिस्सही तेवढीच कमी होते.

३२ ओहमवर जोर हवा असेल तर महाग आयसीच्या मागे लागण्याआधी आणखी दोन ५५३२ घ्या. पहिली गेनसाठी. मग प्रत्येक चॅनलला एकेक, तिचे दोन्ही भाग फॉलोअर म्हणून (१ पट गेनवर) जोडायचे, दोन्ही आउटपुटला १० ओहमचा एकेक रेझिस्टर आणि पलीकडची टोकं एकत्र. प्रवाह दुप्पट होतो आणि आउटपुट इम्पीडन्स ५ ओहम राहतो. रेझिस्टर न लावता दोन आउटपुट थेट जोडू नका: दोघांच्या डीसीत दोन-चार मिलिव्होल्टचा फरक असतोच, आणि मग ते एकमेकांशीच झटापट करत तापत बसतात.

हेच काम एका आयसीत करते एनजेएम४५५६ए. दिसायला आणि पायांनी ४५५८ सारखीच, पण प्रवाह ७० मिलिअँपिअर. ३२ ओहमवर साधारण ७५ मिलिवॉट निघतात. २०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या डिझायनरने खुला केलेला ओ२ अँप्लिफायर याच आयसीवर उभा आहे. त्यात प्रत्येक चॅनलला तिचे दोन्ही भाग १ ओहमच्या रेझिस्टरने जोडलेले आहेत. कमी ओहमच्या हेडफोनवाल्यांनी परगावाहून काही मागवायचंच असेल तर पहिली हीच मागवावी. दुकानात मागताना ‘पंचेचाळीस छप्पन्न’ असं सावकाश सांगा आणि घेताना अक्षरं वाचा, कारण सवयीने हात ४५५८ च्या डबीत जातो.

ओपीए२१३४ बॅटरीवाल्यांसाठी. एफईटी इनपुट, प्रत्येक ऑप-अँपला ४ मिलिअँपिअर, ±२.५ व्होल्टपासून चालते, ८ नॅनोव्होल्ट नॉइज. सीमॉयच्या मूळ आकड्यांत ती जशीच्या तशी बसते, डीसीची कटकट नाही, मध्यबिंदू जागेवर राहतो. एलईडीला १० के चा रेझिस्टर दिला तर चांगल्या अल्कलाइन बॅटरीवर तीस-चाळीस तास सहज जातात. पैसे शेकड्यांत मोजावे लागतात, पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर आमची निवड हीच. घेताना शेवटी ‘पीए’ असलेली घ्या, ती बेसमध्ये, म्हणजे आयसीच्या सॉकेटमध्ये, बसणारी आठ पायांची. ‘यूए’ म्हणजे पृष्ठभागावर सोल्डर करायची छोटी. तिला वेगळी अ‍ॅडाप्टर पट्टी लागते.

एलएम४५६२ चे आकडे या यादीत सर्वांत देखणे. ५५ मेगाहर्ट्झ, २.७ नॅनोव्होल्ट, विकृती ०.००००३ टक्के. मात्र या आकड्यांचा फायदा घ्यायला आजूबाजूचं सगळं तेवढंच शांत असावं लागतं. १० के च्या एका रेझिस्टरचा स्वतःचाच नॉइज १३ नॅनोव्होल्ट असतो. गेनसाठी १० के आणि १०० के लावून वर ४५६२ खोचली तर त्या २.७ ला काही किंमत उरत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ आरपीएमची ध्वनिमुद्रणं ऐकणाऱ्याला तर तव्याचा खरखराट यातल्या कुठल्याही आयसीपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यात ही आयसी झिरो पीसीबीवरच्या (नुसत्या भोकांच्या तयार पट्टीवरच्या) लांब वायरींवर ऑसिलेट व्हायला टपलेली असते, आणि बायपोलर इनपुटमुळे मोबाईलची टिर्र-टिर्र किंवा मध्यम लहरींचं आकाशवाणी केंद्रही पकडू शकते. नीट पीसीबी बनवून घेणार असाल तर उत्तम आयसी. पण त्याच पीसीबीवर, त्याच पुरवठ्यावर, हेडफोन कानाला लावून ती आणि ५५३२ यांतला फरक ओळखता येईल असं आम्हाला वाटत नाही.

बनावट मालाबद्दल सविस्तर लिहायला हवं. स्वस्त आयसीच्या पाठीवरचा नंबर घासून तिथे महागड्या आयसीचा नंबर छापला जातो, आणि ओपीए६२७ सारखी हजारांत विकली जाणारी आयसी शेकड्यात मिळत असेल तर ती जवळपास नक्कीच तशी असते. ॲसिटोनच्या बोळ्याने पाठ पुसून बघा. नुसती शाई निघाली म्हणून आयसी खोटी ठरत नाही. काळा थर निघून खाली वेगळा पोत किंवा दुसरा नंबर दिसला तर ठरते. याहून भरवशाची चाचणी मल्टिमीटरने घरीच होते.

९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून ±९ करा. पिन ८ ला धन, पिन ४ ला ऋण, मधला जोड ग्राउंड. पिन १ आणि २ एकत्र जोडा. पिन ३ पासून ग्राउंडला १ मेगओहम, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड. उरलेल्या अर्ध्या भागात पिन ६ आणि ७ एकत्र, पिन ५ ग्राउंडला. पिन ८ आणि ४ च्या अगदी लगत १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरडचा) डिस्क कपॅसिटर. आता पिन १ वरचं डीसी मोजा, आणि मीटर धन वायरीत घालून आयसी किती प्रवाह खाते तेही मोजा. खरी ५५३२ साधारण उणे २०० मिलिव्होल्ट दाखवते आणि ८ मिलिअँपिअरच्या आसपास खाते. डीसी उण्याऐवजी धन आलं आणि प्रवाह तीनेक मिलिअँपिअरच असेल तर पाठीवर काहीही लिहिलेलं असो, आत ४५५८ च्या जातीची आयसी आहे. ३५८ सुद्धा धनच डीसी दाखवते, पण एक मिलिअँपिअरच्या आसपास खाते. ओपीए२१३४ एक-दोन मिलिव्होल्टच्या आत राहते आणि ८ मिलिअँपिअर खाते. टीएल०७२ सुद्धा दहा मिलिव्होल्टच्या आतच असते, पण प्रवाह २.८. म्हणजे ‘ओपीए२१३४’ म्हणून घेतलेली आयसी शून्याजवळ डीसी आणि तीन मिलिअँपिअर दाखवत असेल तर शेकड्यांचे पैसे देऊन टीएल०७२ घरी आलेली आहे. चाचणीला दहा मिनिटं लागतात, आणि ती सोल्डर करण्याआधी करायची असते.

दुसरी एक गफलत बनावट नसतानाही होते: ५५३२ च्या जागी ५५३४. किंमत आणि डबी सारखी, पण ५५३४ एकेरी आहे. तिचा आउटपुट पिन ६ वर आणि धन पुरवठा पिन ७ वर. दुहेरीच्या बेसमध्ये ती बसवून पुरवठा दिला की वाचण्याची आशा कमी. शिवाय गेन ३ च्या खाली तिला पिन ५ आणि ८ मध्ये २२ पिकोफॅरड लागतो.

पुरवठ्यासाठी १२-०-१२ चा ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, पूल रेक्टिफायर, दोन्ही बाजूंना १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, मग ७८१२ आणि ७९१२. ९-०-९ चालणार नाही: डायोड वजा जाता बारा व्होल्टच्या आसपासच उरतात, आणि रेग्युलेटरला वर किमान दोन व्होल्ट हवे असतात, मग हम येतो. ७९१२ चे पाय ७८१२ सारखे नसतात, हे लक्षात ठेवा. ७८१२ समोरून बघता इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१२ मात्र ग्राउंड, इनपुट, आउटपुट. तिची पाठीची पत्रीही ग्राउंडला नाही, इनपुटला जोडलेली असते, त्यामुळे दोन्ही एकाच हीटसिंकवर अभ्रकाशिवाय आवळल्या की ऋण पुरवठा सरळ शॉर्ट.

ऑसिलेशन ओळखायला ऑसिलोस्कोप उत्तम. वालचंदसारख्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर लॅबमध्ये पाच मिनिटं पुरतात. नसेल तर बोटाने आयसी चाचपा आणि प्रवाह मोजा. ८ मिलिअँपिअरच्या जागी २५-३० दिसले, आयसी चटका देत असली, वायरीजवळ हात नेला की डीसी बदललं, तर ती मेगाहर्ट्झमध्ये ओरडते आहे, आपल्या कानाला ऐकू येत नाही एवढंच. उपाय ठरलेले: पिन ८ आणि ४ मधला १०४ आयसीच्या पोटाला चिकटवून लावा, इंचभर लांब नको, फीडबॅकच्या रेझिस्टरवर २२ ते ४७ पिकोफॅरड, आउटपुटला मालिकेत १० ओहम, आणि फीडबॅक त्या रेझिस्टरच्या आतल्या बाजूने घ्या. हेडफोनची लांब केबल म्हणजे एक कपॅसिटरच असतो, आणि तो १० ओहम आयसीला त्याच्यापासून दूर ठेवतो. रेडिओ किंवा मोबाईलचा त्रास असेल तर धन इनपुटला मालिकेत १ के आणि तिथून ग्राउंडला २२० पिकोफॅरड. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात पत्र्याच्या पायांचे स्वस्त बेस हिरवे पडतात आणि एक चॅनल मधूनच गायब होतो. गोल, वळवलेल्या पिनचा बेस चार रुपये जास्त देऊन घ्या, किंवा आयसी एकदा ठरली की थेट सोल्डर करा.

चालू करताना आधी बेस रिकामा ठेवा. पिन ८ वर +१२, पिन ४ वर −१२ दिसलं की पुरवठा बंद करा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या, आयसीची खाच बघून ती बसवा. आता पिन १ आणि ७ वरचं डीसी मोजा. मग हेडफोनच्या जागी ३३ ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर लावून परत मोजा. भार आल्यावर आकडा हलायला नको. त्यानंतर जुना, गेला तरी चालेल असा इयरफोन. पाच मिनिटांनी आयसी कोमटच असेल तर चांगला हेडफोन जोडा, पॉट नवाच्या काट्यावर ठेवा आणि तानपुरा लावा. शेपटी खरखरली तर आयसी बदलायच्या आधी तो १०४ पिन ८ पासून किती लांब बसलाय ते बघा.